पेनसिल्व्हानियांतील घटनावाद : उभय पक्षांचे कागद

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या राज्यघटनेस संमति द्यावी कीं नाहीं, या वादाचा अभ्यास बहुधा हॅमिल्टन, मॅडिसन व जे यांनीं ‘पब्लियस’ या टोपणनांवानें लिहिलेल्या ८५ लेखांवरच थांबतो. ती एका पक्षाची कैफियत होय.

पेनसिल्व्हानियाच्या परिषदेनें ता. १२ डिसेंबर १७८७ रोजीं ४६ विरुद्ध २३ मतांनीं घटना मान्य केली. लघुलेखक थॉमस लॉइड यानें स. १७८८ त छापलेल्या वृत्तांतांत मात्र जेम्स विल्सन व मॅकीन या दोघां समर्थकांचींच भाषणें आहेत. केवळ तें पुस्तक वाचणारास, तेथें विरोधक होते तरी कीं नाहीं, अशी शंका यावी! रॉबर्ट व्हाइटहिल यानें मांडलेल्या १५ दुरुस्त्या बहुमतवाल्यांनीं कामकाजाच्या नोंदवहींतही येऊं दिल्या नाहींत.

विरोधकांचीं भाषणें पुष्कळ अंशीं सांपडतात तीं प्रतिपक्षाच्याच दप्तरांत. उत्तर देण्यासाठीं विल्सननें त्यांचे मुद्दे टिपून ठेविले होते. टिपणें त्रोटक आहेत, व जेथें उत्तर द्यावयाचें तेथेंच लेखणी थांबलेली. उलट, अल्पमतवाल्यांनीं ता. १८ डिसेंबर रोजीं छापलेलें निवेदन सविस्तर खरें, पण पराभवानंतर लोकांपुढें मांडलेलें. बखर व अस्सल पत्र ताडून पाहणाऱ्या आमच्या वाचकांस ही अडचण नवी नाहीं. दोहोंत जुळणारा मजकूरच भरंवशाचा. धर्मस्वातंत्र्य, मुद्रणस्वातंत्र्य व ज्यूरीकडून न्याय हीं त्या निवेदनांतील मागणीं स. १७९१ च्या दहा दुरुस्त्यांत आढळतात.