शर्यतीआधीची धडधड

"डॉक्टरसाहेब, हिला ताकदीचं काहीतरी द्या," वडील म्हणाले. मुलगी मान खाली घालून बसली होती. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजची आठशे मीटरची धावपटू. सरावात हे अंतर 2 मिनिटे 20 सेकंदांत कापणारी ही पोर स्पर्धेत मात्र दहा-दहा सेकंद मागे पडे. आदल्या रात्री झोप नाही, सकाळी उलटी, मैदानावर बोटांना मुंग्या आणि पाय कापसासारखे. महिन्याभरावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. यंदाही तसेच झाले तर खेळ सोडायचा, असे तिने घरी सांगून टाकले होते. (तिच्या परवानगीने लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

अशा तक्रारीला लगेच 'मनाचे खेळ' म्हणू नये. या वयाच्या मुलींत रक्त कमी असणे फार सर्रास आढळते. हिमोग्लोबिन, थायरॉईड, ई.सी.जी. सगळे पाहिले. सगळे ठीक निघाले.

मग उरते ती भीती. समोर वाघ असो की शर्यतीची रेघ, शरीराला फरक कळत नाही. मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात, छाती धडधडते, पोटाकडचे रक्त स्नायूंकडे वळते, म्हणून मळमळते. श्वास भराभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साईड उतरतो आणि बोटांना मुंग्या येतात. यातले थोडे धावपटूला हवेच असते, अति झाले की पाय आखडतात.

"धडधडीची गोळी असते म्हणे?" वडिलांनी विचारले. असते. प्रोप्रॅनोलॉल. पण ती हृदयाची गती दाबते आणि आठशे मीटर धावणाऱ्याला तीच तर हवी! दम्याच्या रुग्णाला ती धोक्याची ठरू शकते. नेमबाजी आणि तिरंदाजीत तर या गटातल्या गोळ्यांवर उत्तेजक-विरोधी नियमांनुसार बंदी आहे. मी दिली नाही.

वडिलांना बाहेर बसवले, तेव्हा मुलगी बोलती झाली. "डॉक्टरकाका, मी रोज प्रार्थना करते, मला पहिली आण म्हणून. तरी भीती वाटते. म्हणजे माझा विश्वासच कमी आहे ना?"

वाचकहो, खरे दुखणे हे होते. घर ख्रिस्ती. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात ही वस्ती जुनी, रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीते जिव्हाळ्याने गाणारी. शर्यतीत हरणे म्हणजे देवाच्या परीक्षेतही नापास होणे, असा दुहेरी भार ती घेऊन धावत होती. मी ख्रिस्ती नाही. या प्रश्नाला माझ्याकडे औषध नव्हते. "तुमच्या पाळकसाहेबांना विचार," एवढेच म्हणालो.

पाळकसाहेबांनी तिला लूकचे शुभवर्तमान उघडून गेथशेमाने बागेचा प्रसंग वाचायला लावला. पकडले जाण्याआधीच्या रात्री येशू तिथे इतका व्याकूळ होतो की घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडतो. लूक हा वैद्य होता असे परंपरा मानते; लक्षण टिपले आहे खरे वैद्याच्या नजरेने! पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूलाही घाम फुटला बाळा, भीती म्हणजे पाप नव्हे." आणि नंबर मागणे सोड, धावायला पाय दिलेत त्याचे आभार मान, असेही.

माझे काम श्वासाचे. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास. तेविसावे स्तोत्र तिला पाठ होते. त्याची एकेक ओळ श्वास सोडताना मनात म्हण, असे सांगितले. याला आधार आहे. इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 23 निरोगी माणसांवरचा अभ्यास छापला. लॅटिन जपमाळ म्हणताना काय किंवा 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणताना काय, श्वास मिनिटाला सुमारे सहावरच आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. कोणता देव, हे फुप्फुसांनी विचारले नाही.

पण सगळे श्रेय मी श्वासाला देणार नाही. निकालावरून स्वतःची किंमत ठरवणे थांबले, हा मोठा उतारा होता, आणि तो तिला तिच्या श्रद्धेतून मिळाला. अमेरिकेची सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन 2016 मध्ये, कॉलेजात जाण्याआधीच, रिओ ऑलिंपिकला गेली आणि उपांत्य फेरीत बाद झाली. पुढे केंटकी विद्यापीठाकडून धावली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने 400 मीटर अडथळ्यांची शर्यत 50.37 सेकंदांत, विश्वविक्रमासह जिंकली. त्याच वर्षी आलेले तिचे आत्मकथन भीतीकडून ख्रिस्तावरच्या श्रद्धेकडे झालेल्या प्रवासाचे आहे.

मात्र भीती मैदानापुरती नसेल, झोप-भूक कायमची उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांकडेच जावे. अशा मुलाला 'नुसती प्रार्थना कर' सांगून घरी बसवणाऱ्यांचा मला राग येतो. हिचे पाळकसाहेब तसले नव्हते.

स्पर्धेच्या सकाळी तिला उलटी झालीच. चूळ भरून ती रेघेवर उभी राहिली. आली चौथी, पण वेळ 2 मिनिटे 21 सेकंद. वडिलांचे तोंड जरा उतरले होते, असे तीच हसत सांगत होती.

नाताळात करंज्यांचा डबा घेऊन आली. नडगी दुखते म्हणाली. बूट पाहिले, तळ पार झिजला होता. ते आधी बदलायला सांगितले.