शरदातील हिरवळ

वैशाखाच्या उन्हात थंडीच्या तयारीविषयी बोलणे काहीसे विचित्र दिसेल. परंतु ज्यांच्या घरापुढे दहाबारा हात मोकळी जागा आहे आणि येत्या मृगात जे तीत हरळी लावणार आहेत, त्यांना पुढे आश्विन-कार्तिकात तिचे काय करायचे हे आधीच ठाऊक असलेले बरे.

बागकामाची विलायती पुस्तके सांगतात की शरदात नवे बी पेरा, भरपूर खत द्या, पडलेली पाने गोळा करा. तिकडचे गवत गारव्यात वाढणारे. त्याला तो सल्ला योग्यच आहे. आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा, उन्हाची लेक आहे. 25 ते 35 अंशांत ती जोमाने पसरते; 15 अंशांखाली तिची वाढ जवळजवळ थांबते. नागपूरची थंडी थोड्या दिवसांची, पण कधी कधी कडक असते. 2018 च्या डिसेंबरअखेर पारा 3.5 अंशांवर उतरला होता. अशा वेळी पाने तांबूस पडतात, मुळ्या मात्र जिवंत राहतात. पानगळ म्हणाल तर आपल्याकडे ती शिशिराची. शरदात झाडे हिरवीगारच असतात.

खरी अडचण आहे ती जमिनीची. आपली काळी माती पावसात फुगते आणि पाऊस सरला की आकसून भेगाळते. त्या भेगांत मुळ्या तुटतात. म्हणून ऑक्टोबरात पाऊस थांबला आणि माती ओलसर असतानाच टोकदार सळईने वीतवीत अंतरावर तीनचार इंच खोल भोके पाडावीत आणि चाळलेले कुजके शेणखत व वाळू यांचा पातळ थर देऊन तो झाडूने भोकांत लोटावा. युरियासारखे नत्राचे खत या महिन्यानंतर देऊ नये. कोवळी पालवी फुटते आणि नेमकी तीच थंडीत करपते. कापणी थोडी उंच ठेवावी, कारण दिवस लहान झाल्यावर गवताला पान अधिक लागते. पाणी सकाळी, आठवड्यातून एकदा, पण खोलवर मुरेल असे द्यावे.

आता लकडगंजाची खास गोष्ट. येथे आरामशिनींचा भुसा स्वस्तात मिळतो, तेव्हा तोच हिरवळीवर पसरावा असे पुष्कळांना वाटते. कच्चा भुसा पसरू नका! भुशात कार्बन भरपूर आणि नत्र नावापुरते. त्यास कुजविणारे सूक्ष्म जंतू आपली नत्राची भूक मातीतून भागवितात आणि गवत पिवळे पडते. तोच भुसा शेणाबरोबर खड्ड्यात घालून, ओला ठेवून पूर्ण कुजवला तर उत्तम खत होते. प्लायवूडचा भुसा मात्र घेऊ नये, त्यात डिंकाची रसायने असतात. चुलीची राखही जपून वापरावी. तिच्यात पालाश आहे हे खरे, पण चुनाही आहे, आणि काळी माती मुळातच अल्कधर्मी असते.

तणांपैकी लव्हाळा उपटून जात नाही. त्याच्या गाठी जमिनीत राहतात, त्या खुरप्याने खणूनच काढाव्या लागतात. गाजरगवत मात्र फुलण्यापूर्वी मुळासकट उपटावे. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेले हे तण आज देशभर झाले आहे, आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या कातडीला खाज व पुरळ येते. हे काम बहुधा माळ्याकडे किंवा रोजंदारीच्या बाईकडे असते, आणि तेही उघड्या हातांनी. हातमोज्यांची जोडी मालकाने द्यायची असते, मजुराने मागायची नसते, असे आमचे मत आहे. आयुष्यभर हमालांत व आरामशिनीवरच्या कामगारांत वावरल्यामुळे आम्हांस हिरवळ पाहताना आधी हात दिसतात, त्याला इलाज नाही.

आणखी एक. हरळी वाढत नाही म्हणून नोव्हेंबरात माळ्याला सुटी देण्याची एक रीत आहे. कापणी कमी होते हे खरे; पण भोके पाडणे, खत चाळणे, लव्हाळा खणणे ही अंगमेहनतीची कामे त्याच्या आदल्याच महिन्यात त्याने केलेली असतात. वर्षाची बोली करून महिन्याचे वेतन ठरवले, तर हिवाळ्यात पाणी देणे आणि खताचा खड्डा वरखाली करणे ही कामेही वेळेवर होतात. फेब्रुवारीत ऊब वाढली की हरळी पुन्हा फुटू लागते. नत्राचे पहिले खत तेव्हा द्यावे, आणि खड्ड्यातला भुसा तोवर पुरता काळा झाला असेल तरच तोही वर पसरावा.