डोंगरातील पाऊस आणि तीन दिवसांचा मुक्काम

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन निघणाऱ्या मराठी प्रवाशाला, वाहने आपल्याकडल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात आणि अंतरेही नकाशावर बेताची दिसतात म्हणून, सारा प्रवास घरूनच दिवसवार आखून टाकण्याचा मोह होतो. परंतु ज्या सदर्न आल्प्स पर्वतश्रेणीतून त्याला जावयाचे असते, ती असल्या तजविजीला दाद देत नाही.

याचे कारण त्या श्रेणीच्या स्थानातच आहे. सुमारे 500 किलोमीटर लांबीचा हा पर्वत टास्मान समुद्रावरून येणाऱ्या बाष्पयुक्त पश्चिमी वाऱ्यांच्या वाटेत आडवा उभा असून, ते वारे चढताना थंडावतात, आपले बाष्प पश्चिमेच्या उतारावर रिते करतात आणि पूर्वेला कोरडे होऊन उतरतात. महाबळेश्वर भिजवून माण-खटाव तहानलेले ठेवणारा पर्जन्यछायेचा नियम आपल्या चांगला परिचयाचा आहे; तेथे तो अधिकच उग्र रूपात दिसतो. मिलफर्ड साउंड येथे वर्षाला 6,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील क्रॉमवेलच्या वाट्याला जेमतेम 400 मिलिमीटर येतो. शिवाय सह्याद्रीतील पाऊस ऋतू पाहून येतो, तिकडचा बाराही महिने येऊ शकतो. वायव्येचा उबदार वारा फिरून दक्षिणेचा झाला की काही तासांत पारा घसरतो आणि भर उन्हाळ्यातही उंचावर हिम पडते.

या पावसाचा तडाखा केवढा असतो, हे मार्च 2019 मध्ये दिसले: पश्चिम किनाऱ्यावरील होकिटिका गावाच्या वरच्या डोंगरात, क्रॉप नदीपाशी, 48 तासांत 1,086 मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि 26 तारखेस फ्रान्झ जोसेफ गावाजवळचा वायहो नदीवरील पूल पुराने नेला. त्या पुलावरून जाणारा रस्ता हाच पश्चिम किनाऱ्यालगतचा एकमेव राजमार्ग असल्यामुळे, जे शेजारचे गाव एरवी अर्ध्या तासाच्या वाटेवर, तेथे पोहोचण्यासाठी हास्टची खिंड ओलांडून, पर्वताच्या पूर्वेने, आर्थर्स पासवरून पुन्हा पश्चिमेस उतरण्याचा शेकडो किलोमीटरांचा वळसा नशिबी आला. लष्कराच्या साहाय्याने, सुट्या भागांतून जोडलेला नवा बेली पूल एप्रिलच्या मध्यास खुला झाला, ही त्या लोकांच्या कार्यतत्परतेची साक्ष होय. तथापि तोवर वाटेतल्या प्रवाशांचे सारे बेत कोलमडले होते.

अशा प्रसंगी कॅम्परव्हॅनचे खरे मोल कळते, असे माझे स्पष्ट मत आहे. उंच बाजूंच्या या गाडीला खिंडीतील आडवा वारा मोटारीपेक्षा अधिक झोडपतो, म्हणून वेगाने वादळातून निसटण्याच्या कामी ती मुळीच यावयाची नाही. ती थांबण्याच्या कामी येते. तेथे ज्या गाडीस ‘स्वयंपूर्ण’ असल्याचा दाखला मिळतो, तिच्यात राहणाऱ्यांना बाहेरून पाणी न भरता व सांडपाणी न उपसता किमान तीन दिवस काढता आले पाहिजेत, असा तिथला दंडकच आहे. बिछाना, शेगडी आणि पाणी बरोबर असताना, केवळ पुढच्या गावचे आरक्षण बुडेल म्हणून बंद होऊ घातलेल्या घाटात शिरणे मला अक्षम्य वाटते.

तेव्हा वाचकहो, बेत आखताना परतीच्या विमानापूर्वी दोन दिवस मोकळे ठेवा. दररोज सकाळी हवामानाचा इशारा व रस्त्यांची स्थिती पाहूनच गाडी हलवा. पावसात नदीकाठी तळ टाकू नका. आणि गारठा कितीही असो, शेगडी पेटलेली असताना हवेची वाट मोकळी राखा.