डोक्यावरचे ओझे आणि ‘शून्य कार्य’

अकरावीच्या वर्गात ‘कार्य आणि ऊर्जा’ शिकवताना एक ठरलेले उदाहरण देतात. हमाल डोक्यावर ओझे घेऊन फलाटावरून सरळ चालत जातो. त्याने ओझ्याला दिलेला आधार वरच्या दिशेने, चाल मात्र आडवी. दोहोंत ९० अंशांचा कोन, म्हणून कार्य शून्य. मी हे उदाहरण विद्यार्थी असताना पाठ केले, परीक्षेत लिहिले, पूर्ण गुण मिळवले. माझी आई तेव्हा बांधकामावर विटांची पाटी वाहत होती. तिला मी हे उत्तर कधी सांगितले नाही.

मास्तर झाल्यावर मीही तेच उदाहरण दिले. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, मग माझी आई दिवसभर काहीच करत नाही का? संध्याकाळी तिची मान का दुखते?” वर्ग हसला. मला हसू आले नाही. प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर पुस्तकातल्या त्या ओळीत नव्हते.

उत्तर ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमात आहे. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. ती फक्त रूप बदलते. म्हणून हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा.

आई २० किलो विटा घेऊन ३ मीटर उंच माळ्यावर चढते असे धरू. विटांना मिळालेली स्थितिज ऊर्जा २० × ९.८ × ३, म्हणजे ५८८ ज्यूल. पण ती स्वतःलाही वर नेते. तिचे वजन ४५ किलो धरले तर एकूण १,९११ ज्यूल होतात. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच अशा कार्यात उतरवू शकतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे एका खेपेला भाकरीतली सुमारे ७,६०० ज्यूल ऊर्जा खर्च झाली. विटांच्या वाट्याला त्यातला जेमतेम तेरावा हिस्सा आला.

आता सपाट जमीन. ओझ्याला ऊर्जा मिळाली नाही, हे खरेच. पण ओझे पेलून धरताना स्नायूंतले तंतू सतत आवळतात, सैल होतात, पुन्हा आवळतात. प्रत्येक पावलाला शरीर थोडे वर उचलले जाते, पुन्हा खाली येते. या सगळ्याला रासायनिक ऊर्जा लागते आणि ती अखेर उष्णता होते. अंग तापते, घाम येतो, वाफ होऊन उडतो. ओझ्याच्या खात्यात शून्य असले, तरी आईच्या खात्यातून ऊर्जा गेलेली असते. ती भाकरीत आली ज्वारीतून आणि ज्वारीत आली उन्हातून.

माणसाचे शरीरही या नियमाबाहेर नाही, हा विचार एका डॉक्टरने मांडला होता. रॉबर्ट मायर हा जर्मन १८४० साली जहाजावरचा डॉक्टर म्हणून जावा बेटावर गेला. तिथे खलाशांच्या शिरांतले रक्त त्याला नेहमीपेक्षा लालभडक दिसले. उष्ण हवेत शरीराला ऊब राखायला कमी प्राणवायू लागतो, असे त्याने ताडले. अन्नातूनच ऊब येते आणि अन्नातूनच श्रम होतात, तर दोन्ही एकाच मापाने मोजता आली पाहिजेत! त्याचा पहिला लेख १८४१ साली पदार्थविज्ञानाच्या नियतकालिकाने छापला नाही. दुसरा १८४२ साली रसायनशास्त्राच्या नियतकालिकात आला. इंग्लंडात जेम्स ज्यूल याने खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून ते माप काढले. त्याचा घरचा धंदा बिअर गाळण्याचा. तो प्राध्यापक नव्हता. एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ ज्यूल. हेल्महोल्ट्झने १८४७ साली या नियमाला गणिती रूप दिले.

पुढच्या तासाला मी हा सगळा हिशेब फळ्यावर मांडला. मुलीने तो वहीत उतरवून घेतला. आईला दाखवायचा आहे, म्हणाली.

या श्रमाचे मोल किती, हे पदार्थविज्ञान सांगत नाही. पण श्रम झालेच नाहीत, असेही ते कधी म्हणत नाही; तसे आपण शिकवणारे म्हणतो. म्हणून शिक्षकमित्रांना विनंती, ‘हमाल कार्य करत नाही’ असे फळ्यावर लिहू नका. ‘हमालाने ओझ्यावर केलेले कार्य शून्य’ असे लिहा आणि तिथे न थांबता विचारा, मग भाकरीतली ऊर्जा गेली कुठे? वर्गात कुणा ना कुणाला ते घरूनच माहीत असते.