भाड्याचे घर : करार करायचा कोणी?

परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना 1917 साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले. आता कोणी काठ्या घेऊन दारात येत नाही. आडनाव विचारतात आणि ‘खोली कालच गेली’ म्हणून सांगतात. संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आहेत. भाड्याच्या खाजगी घराचा उल्लेख नाही. त्यामुळे जिथे खोली मिळेल तिथे, मालक म्हणेल त्या अटीवर आपली कुटुंबे तोंडी व्यवहार करतात. अनामत मोजून देतात, पण चिठ्ठीसुद्धा घेत नाहीत. कागद मागितला तर खोली हातची जाईल, ही भीती!

वास्तविक भीती मालकाला हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे घर भाड्याने द्या की ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. त्याने टाळाटाळ केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते चूक असल्याचे सिद्ध होईपर्यंत तेच खरे.

‘अकरा महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला?’ हे दलालांचे पालुपद. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, या जुन्या नियमावरून ते आले. कलम 55 मध्ये अशी सूट नाही.

भाड्याची लेखी पावती देणेही मालकावर बंधनकारक आहे. रोख देत असाल तर पावती घ्याच. मोबाईलवरून पाठवत असाल तर कोणत्या महिन्याचे भाडे ते सोबत लिहा. भांडण झाले म्हणून भाडेकरूचे पाणी वा वीज योग्य कारणाशिवाय तोडता येत नाही (कलम 29).

दुसरी बाजूही ठाऊक हवी. ‘लिव्ह अँड लायसन्स’ची मुदत संपल्यावर खोली अडवून बसलात, तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मालक मागू शकतो. म्हणून सहीपूर्वी मुदत, अनामत परत मिळण्याची तारीख आणि दुरुस्तीचा खर्च या ओळी वाचा. वाचता येत नसेल तर कागद विहारात आणा, शिकलेली मुले तिथे असतात. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर मात्र सही करू नका.