श्वासमार्गोपचारातील संरक्षक पेटी

श्वासनलिकेत नळी घालताना वैद्याचे मुख रुग्णाच्या मुखाच्या अगदी निकट येते. संसर्गजन्य रोगात हा क्षण विशेष धोक्याचा होय. २०२० च्या महासाथीत तैवानचे भूलतज्ज्ञ डॉ. लाई श्येन-युंग यांनी यावर रुग्णाच्या मस्तकावर ठेवावयाची पारदर्शक पेटी सुचविली. तिच्या दोन छिद्रांतून हात घालून काम करावयाचे. बॉस्टन येथील प्रयोगात कृत्रिम खोकल्याचे तुषार तिने बव्हंशी अडविले. परंतु तुषार निराळे आणि हवेत तरंगणारे सूक्ष्म कण निराळे. ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत, हवा ओढून घेण्याची सोय नसलेल्या पेटीमुळे वैद्यापर्यंत पोचणारे कण उलट वाढले. हातांची हालचाल अडून नळी घालण्यास विलंब लागला. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पेट्यांची तातडीची परवानगी मागे घेतली.

पोलाद-उद्योगामुळे कर्मशाळांची वाण नसलेल्या जालना जिल्ह्यात अशी पेटी घडविणे कठीण नाही. कठीण आहे ते तिच्यातील हवा सतत ओढून, गाळून बाहेर सोडणे. ते साधत नसेल, तर घट्ट बसणारी एन-९५ मुखपट्टी, खेळती हवा आणि निष्णात हात हेच अधिक भरवशाचे.