बेण्याच्या पिपातले पाणी आणि ओढ्यातला मासा



गेल्या आडसाली लागणीच्या वेळी एका सभासदांनी छपरात सापडलेला जुना डबा आमच्यापुढे ठेवला. "साहेब, तुम्हीच सांगितल्यालं औषध हाय. अजून चालंल का बेण्याला?" डबा पारायुक्त औषधाचा निघाला. ऊस व बटाट्याच्या बेण्यासाठी त्याला परवानगी होती; ऑगस्ट 2018 मध्ये केंद्र सरकारने त्यावर पूर्ण बंदी घातली. तोवर टिपरी कुजू नये म्हणून आम्हीच सरीवर उभे राहून ते वापरायला शिकवत होतो. औषध किती, पाणी किती, सगळे सांगितले. पिपात उरलेले पाणी कुठे ओतायचे, ते मात्र कधी सांगितले नाही. कितीतरी पिपे ओढ्याकाठी धुतली गेली.

मळीचे पाणी ओढ्यात शिरले की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे तडफडून वर येतात आणि गावभर बोंब होते. (ती बोंब आमच्यावरही झाली आहे, आणि रास्तच होती.) पण मळी कुजून जाते. धातू कुजत नाही. पारा गाळात बसतो, तिथले जिवाणू त्याचे आणखी विषारी रूप करतात. ते शेवाळातून किड्यात, किड्यातून बारक्या माशात, आणि बारके मासे खाणाऱ्या मरळीत साठत जाते. मासा लगेच मरत नाही, म्हणून कळत नाही. त्याच्या मेंदूवर परिणाम होतो, पोहणे बिघडते, शत्रू आला तरी चटकन हलत नाही, अंडी कमी होतात. पारा मांसातच मुरलेला असतो; कालवण कितीही उकळले तरी जात नाही.

जपानमध्ये मिनामाता येथे एका रसायन कारखान्याचा पारा असाच समुद्रात जात होता. मासे पाण्यावर तरंगू लागले, ते खाणाऱ्या मांजरांना झटके आले. 1956 साली माणसांतला रोग उघड झाला, तरी पारा सोडणे 1968 पर्यंत चालूच राहिले. तिथला मासा बाहेर जाऊ नये म्हणून 1974 साली खाडीच्या तोंडाला जाळे लावले. ते काढायला 1997 साल उजाडले.

मोरचुदाचेही ध्यानात घ्या. पाराच वाईट आणि तांबे चांगले, असे नाही. मोरचूद पाण्यात गेले की माशाच्या कल्ल्यांना इजा होते, कल्ल्यांवर बुळबुळीत थर चढतो, अंगातले मीठ निघून जाते. वासावरून भक्ष्य ओळखणेही त्याला जमत नाही. फवारणीचा पंप पाटात धुणारे आमच्या पाहण्यात रोज येतात.

सध्या बेण्याला कार्बेन्डाझिम सांगतो. त्यात धातू नाही, पण म्हणून ते पाणी ओढ्याला सोडायचे नाही. टिपऱ्यांच्या हिशेबानेच द्रावण करा.

जुना डबा घरात असेल तर उघडू नका, पुरू नका, भंगारवाल्याला देऊ नका. वैरण व धान्यापासून दूर, पोरांचा हात पोचणार नाही असा ठेवून लागणीची नोंद देताना गट ऑफिसला सांगा. दंड नाही, विचारपूस नाही. त्या सभासदांचा डबा आम्ही नोंदवून घेतला आहे.